पूजेतलं काडतूस

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या अंगाला बाबूभाईंचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने पायरीवर टेकावं. मागच्या भिंतीला वाळूची पोती रचलेली, पुढे तेलाने काळं पडलेलं सागवानी टेबल, आणि दाराशेजारच्या खिळ्याला एक मोठी कात्री. शिंप्याकडे शोभावी अशी कात्री बंदूकवाल्याकडे कशाला, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. त्याला ते दोन मिनिटांत समजायचं.

खेड्यातली माणसं बंदूक फडक्यात गुंडाळून, वर घट्ट गाठ मारून आणत. बाबूभाई ती गाठ कधी सोडत नसत. गाठोडं टेबलावर आडवं ठेवायचे, नळीचं तोंड वाळूच्या पोत्यांकडे करायचे आणि कात्रीने फडकं कापायचे. मग ते कोरं उपरणं असो की बायकोच्या लुगड्याचा पदर. कापून झालं की हत्यार उघडून आत पाहायचे आणि त्यानंतरच मान वर करून म्हणायचे, "हां, बसा. कसे आहात?"

"अहो बाबूभाई, नवं होतं जी ते फडकं," कुणी तरी कुरकुर करायचं.

"फडकं बाजारात भेटते," बाबूभाई म्हणायचे. आणि कामाला लागायचे. जुन्या लोकांना कारण माहीत होतं.

माणूस तसा हट्टी आणि जिभेचा तिखट. पण गावात त्यांची ओळख होती ती एका नादामुळे. त्यांना रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं गोळा करायचा नाद होता. आता या देशात हा नाद करायचा म्हणजे पायात बेडी घालून नाचण्यासारखं आहे. तेव्हाचा कायदा म्हणायचा, एका माणसाला जास्तीत जास्त तीन हत्यारं. दुरुस्तीला आलेली वेगळी, ती लोकांची. स्वतःच्या परवान्यावर तीन म्हणजे तीन. चौथं मनात भरलं, तर हातातल्या तिन्हींपैकी एक कुणाला तरी दिल्याशिवाय ते घरात येऊ शकत नाही. आणि देणं म्हणजे भाजी देणं नव्हे. घेणाऱ्याकडे परवाना हवा, कलेक्टर कचेरीत खेटे हवेत, ठाण्यात हजेरी हवी. बाबूभाईंची बायको साबिरा म्हणायची, पोरीची सोयरीक जुळवायलाही लोकांच्या एवढ्या चपला झिजत नाहीत.

हत्यारं मात्र येत राहिली. शिकार कधीच बंद झाली होती. पुढे जंगलपट्ट्यात अंदरवाले, म्हणजे नक्षलवादी, रात्री-अपरात्री गावात यायला लागले, परवान्याच्या बंदुका मागायला लागले, तसे पोलिसांनीच लोकांना त्या ठाण्यात जमा करायला लावल्या. ठाण्याच्या कोठारात ओल असते. आज्याचं हत्यार गंजताना बघण्यापेक्षा ते बाबूभाईंना दिलेलं बरं, असं अहेरी-चामोर्शीकडच्या कितीतरी घरांना वाटलं. बाबूभाई ते रीतसर आपल्या नावावर करून घेत, गंज काढत, तुटलेली मूठ शिसवीची नवी करत, वर्ष-दोन वर्षं जवळ ठेवत आणि मग योग्य हात सापडला की पुढे देत.

योग्य हात ओळखायची त्यांची रीत होती. घेणाऱ्याला चहा पाजायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि बोलता बोलता हत्यार त्याच्यासमोर ठेवायचं. मग त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचं. एकदा बल्लारपूरचा एक लाकूड व्यापारी सफारी घालून आला. त्याने पिस्तूल उचललं आणि समोरच्या आरशात स्वतःवरच नेम धरला. बाबूभाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "शेठ, तुमाले फोटो काढाचा हाय. स्टुडिओ समोरच्या गल्लीत हाय." व्यापारी लाल झाला, शिव्या देत गेला. दुसरा एक निवृत्त रेंजर. त्याने उचलल्याबरोबर आधी नळी जमिनीकडे केली, उघडलं, आत डोळा लावला, गोळी बसते त्या घरांत बोट फिरवलं आणि मग विचारलं, "कोनाचं होतं?" त्याला बाबूभाईंनी आपलं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर दिलं.

अशी बरीच आली आणि गेली. एक मात्र आलं ते गेलंच नाही. बत्तीस बोअरचं, मधून मोडून उघडणारं, चक्रीत सहा घरं असलेलं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर. त्याच्यासाठी त्यांनी एक चांगलं पिस्तूल हातावेगळं केलं होतं. लोक म्हणत, बाबूभाईंचं डोकं फिरलं. कारण त्याच रिव्हॉल्व्हरच्या गोळीने त्यांचा धाकटा भाऊ अजीम मेला होता.

ती गोष्ट एक्क्याण्णव सालची. तेव्हा दुकानात दोघं भाऊ बसत. दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस त्यांचा हंगाम. झाडीपट्टीत आणि इकडेही खंडेनवमीला घरोघर शस्त्रं पुजतात. कुणाचा विळा, कुणाची कुऱ्हाड, आणि ज्याच्याकडे बंदूक त्याची बंदूक. हळद-कुंकू, तूप, झेंडूच्या पाकळ्या सगळं चापात आणि घोड्यात जाऊन बसतं. मग दसरा झाला की ती हत्यारं साफ करायला बाबूभाईंकडे येत. मुसलमानाच्या दुकानात हिंदूंच्या पूजेचं कुंकू वर्षानुवर्षं निघत आलं होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. अजीम तर म्हणायचा, आपली दिवाळी दसऱ्यापासूनच सुरू होते.

चामोर्शीच्या पलीकडे कोसमटोला म्हणून धानाचं गाव आहे. तिथले गुणवंतराव दरवर्षी वडिलांबरोबर यायचे. त्यांचे पूर्वज जमीनदाराकडे पहाऱ्याचे नाईक होते आणि हे रिव्हॉल्व्हर आजोबांच्या काळापासून घरात होतं. त्या घरची एक रीत होती. शेजाऱ्याचं भांडं जसं कुणी रिकामं परत करत नाही, तसं त्या घरात हत्यार रिकामं पुजत नसत. खंडेनवमीला घरातला कर्ता माणूस चक्रीत एक काडतूस ठेवायचा, वर कुंकू लावायचा, फूल वाहायचा. गुणवंतरावांनी लहानपणापासून वडिलांना हे करताना पाहिलं होतं. वडील वारले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्या नवमीला गुणवंतरावांनी पहिल्यांदा स्वतः पूजा मांडली. वडील करायचे तसंच सगळं केलं.

तसंच, पण अर्धंच. वडील दसऱ्याला गावात सोनं वाटून घरी आले की देवघराचं दार लोटून घ्यायचे आणि ते काडतूस काढून ठेवायचे. पोरांना तेव्हा गुळभात मिळायचा, त्यांचं लक्ष तिकडे. गुणवंतरावांना हे दुसरं अर्धं कधी दिसलं नाही आणि बापाला वाटलं, एवढं काय सांगायचं, पोराला ठाऊक असेल. गुणवंतरावांनी पुजलेलं रिव्हॉल्व्हर न उघडता फडक्यात गुंडाळलं, प्रवासात सुटू नये म्हणून करकचून गाठ मारली आणि एसटीने चंद्रपूरला आले.

दुकानात गर्दी होती. अजीमने हसतच गाठोडं मांडीवर घेतलं. "काय भाऊ, बैल बांधला का यात?" म्हणाला आणि नखाने, मग दाताने गाठ ओढायला लागला. फडक्याचा एक पदर चापाच्या कडीत अडकला होता. त्याने जोर लावला.

बाबूभाई तेव्हा पाठमोरे बसून एक स्प्रिंग बसवत होते. दुकानात आवाज झाला हे त्यांना कळलं, पण तो आपल्या दुकानात झाला हे कळायला वेळ लागला. वळून पाहिलं तेव्हा अजीम तसाच बसलेला होता, मान छातीवर टाकून. फडक्यातून धूर निघत होता आणि झेंडूच्या दोन पाकळ्या त्याच्या मांडीवर पडल्या होत्या.

गुणवंतराव पळाले नाहीत. ठाण्यात जमिनीवर बसून राहिले. बाबूभाई बयान द्यायला गेले तेव्हा त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "मले वाटलं, ते तुमीच काढता जी."

हे वाक्य बाबूभाईंच्या काळजात रुतलं ते कायमचं. कारण त्यात खोट नव्हती. आणणाऱ्याला वाटलं, काढायचं काम दुकानवाल्याचं. दुकानवाल्याला वाटलं, भरलेलं हत्यार कोण कशाला आणेल. दोघांच्या वाटण्याच्या मधे अजीम बसला होता.

खटला चालला. गुणवंतरावांनी काही लपवलं नाही. काही महिने तुरुंगात राहून आले, परवाना गेला. रिव्हॉल्व्हर एखाद्या परवानाधारकाने रीतसर घ्यावं, नाहीतर सरकारजमा व्हावं, असं ठरलं. बाबूभाई उठले आणि अर्ज करून आले. साबिराने त्या दिवशी चूल पेटवली नाही. "उसे घर में लाओगे?" एवढंच तिने विचारलं. बाबूभाई म्हणाले, "दुसऱ्या कोनाच्या घरात गेलं, तर त्याले कोन सांगन?" साबिराला हे पटलं नाही. खरं म्हणजे बाबूभाईंनाही आपण काय बोललो ते नीट उमगलं नव्हतं. पण त्या दिवसापासून कात्री दारात टांगली गेली.

अजीमची बायको पुढे माहेरी गेली, तिचं दुसरं लग्न झालं. पोर, फरहा, चार वर्षांची, ती बाबूभाई आणि साबिराकडेच राहिली. दरवर्षी धान निघाला की कोसमटोल्याहून एसटीच्या कंडक्टरबरोबर नव्या तांदळाची एक गोणी यायची. नाव नाही, निरोप नाही. साबिरा ती गोणी उघडत नसे. तशीच दर्ग्याच्या लंगरात पाठवायची. बाबूभाईंनी तिला कधी टोकलं नाही. ज्या तांदळाने अजीमची आठवण यायची, तो तांदूळ तिने पोरीला कसा खाऊ घालायचा होता?

फरहा दुकानातच वाढली. ती कळण्याइतकी मोठी झाली तेव्हा साबिरानेच तिला सगळं सांगितलं होतं. एक दिवस तिने ते रिव्हॉल्व्हर पाहायला मागितलं. बाबूभाईंनी फडक्यात गुंडाळलेलं तिच्यापुढे ठेवलं. पोरीने उठून कात्री आणली. बाबूभाई तोंड फिरवून खूप वेळ चष्मा पुसत बसले.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. बाबूभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एकाचं ऑपरेशन बिघडलं. हत्याराचा नंबरसुद्धा फरहा वाचून दाखवायची. मुलगा जिशान ऊर्जानगरला वीज केंद्रात होता, क्वार्टर होतं, संसार होता. बाबूभाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अब्बा, तुमचा जमाना वेगळा होता. आता आपल्या घरात बंदूक हाय म्हटलं की लोक आधी नाव इचारते. मले नको." बाबूभाईंना राग आला. मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं, कारण पोरगा खोटं बोलत नव्हता. त्यांनी तीनपैकी दोन हत्यारं चांगल्या हातांत देऊन टाकली. राहिलं ते एक. आपण डोळे मिटले की ते कुठे जाईल, या विचाराने त्यांची झोप उडाली. अनोळखी घरात जाईल, कुणीतरी ते पुजेल, कुणीतरी ते मिरवेल, आणि त्याला सांगायला कुणी नसेल.

दोन हजार सहाच्या पावसाळ्याच्या शेवटी एक तरुण दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट, पायात बूट. "मी धनराज," म्हणाला. "कोसमटोल्याचे गुणवंतराव, त्यांचा मुलगा."

बाबूभाईंनी त्याला बसायला सांगितलं. धनराज गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात सुरक्षेच्या कामावर होता. आईवडिलांना त्याने तिकडेच आणलं होतं. त्याला नुकताच परवाना मिळाला होता आणि ठरल्या मुदतीत हत्यार घ्यायचं होतं. "चाचा, बाजारातलं नवं नाई पाह्यजे मले," तो म्हणाला. "आमच्या देवघरात त्या जागी पंधरा वर्सं माय सुपारी ठेवून राह्यली. आज्याची वस्तू हाय. तुमची हरकत नसन तर द्या."

आतल्या खोलीतून साबिराचा आवाज आला. ती दुकानात कधी येत नसे, पडद्याआडूनच बोलायची. ती म्हणाली, द्यायचं तर सरकारला द्या, भट्टीत वितळू द्या, माझ्या डोळ्यांसमोर ते पुन्हा कुणाच्या देवापुढे जायला नको. बाबूभाई ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "हे ना माझं हाय ना तुझं. पोरीचा बाप गेला. पोरगी सांगन तसं."

फरहा टेबलाच्या पलीकडे बसली होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजातून येऊन नुकतीच टेकलेली. तिने धनराजकडे पाहिलं आणि विचारलं, "नवमीला पूजा कोन करन?"

"बाबा करत नाई. तेव्हापासून पाटाजवळ बसतच नाई. मीच करीन."

"कशी?"

"आजा करत होता तशीच. मायनं सांगतलं ना. एक काडतूस ठेवाचं, कुंकू लावाचं."

"आन् मंग?"

धनराज गोंधळला. "मंग काय? दसरा."

 बाबूभाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पंधरा वर्षं झाली, एक माणूस मातीत गेला, एक तुरुंगात जाऊन आला, आणि तरी त्या घरात पोराला अर्धंच सांगितलं गेलं होतं. पुरती गोष्ट ज्याला उशिरा का होईना कळली होती, त्याला ती तोंडातून काढायची लाज आणि भीती. अशाच लाजेखाली दुसरा अजीम मरायचा होता.

"तुमच्या बाबाले घेऊन या," फरहा म्हणाली.

"ते येनार नाई. जटपुऱ्याचं नाव काढलं तरी जेवनावरून उठते."

"तर मी नाई देत."

धनराज रागावला नाही. मान हलवून गेला. साबिरा आतून म्हणाली, झालं ते बरं झालं, तो म्हातारा काही येत नाही. बाबूभाईंनाही तसंच वाटत होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ते दुकान उघडलं की आधी रस्त्याकडे बघायला लागले. एका डोळ्याने जेवढं दिसे तेवढं.

पितृपक्ष संपायच्या सुमाराला गुणवंतराव आले. धनराजच्या गाडीवरून उतरले आणि रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीजवळ उभे राहिले. धोतर, पांढरी टोपी, दाढी वाढलेली. धनराज त्यांना दोनदा बोलवायला गेला. ते मान हलवत आणि तिथेच उभे राहत. शेवटी बाबूभाई उठले. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरले, सायकली चुकवत रस्ता ओलांडला. म्हातारपणी दोघांनी एकमेकांना ओळखायला थोडा वेळ घेतला.

"चाला, गुणवंतभाऊ," बाबूभाई म्हणाले.

"कोनत्या तोंडानं येऊ जी?"

"मले दिसत नाई आता. कोनत्याबी तोंडानं या."

गुणवंतराव दुकानात आले आणि बाकावर न बसता जमिनीवरच टेकले. पंधरा वर्षांपूर्वी ठाण्यात बसले होते तसेच. फरहाने कपाटातून रिव्हॉल्व्हर आणलं. आता त्यावर फडकं नव्हतं, गाठही नव्हती. तिने नळी वाळूच्या पोत्यांकडे केली, ते मधून मोडलं आणि उघडी चक्री बाहेरच्या उजेडासमोर धरली. सहा घरांतून पलीकडचा रस्ता दिसत होता.

"काका," ती म्हणाली, "माझ्या अब्बाची एकच अट हाय. हे रिकामं पुजाचं. पूजेआधी प्रत्येक घरात बोट घालून पाहाचं आन् पोराले दाखवाचं. त्यानं त्याच्या पोराले दाखवाचं."

अब्बाने अशी अट कधी घातली नव्हती. घालायला तो उरलाच कुठे होता? पण बाबूभाईंना त्या क्षणी ती अजीमचीच वाटली.

"आमच्यात रिकामं पुजत नाई," गुणवंतराव पुटपुटले. सवयीने निघालं तोंडातून. मग त्यांनीच आपल्या तोंडावर हात ठेवला.

"आता पुजाचं," फरहा म्हणाली आणि रिव्हॉल्व्हर त्यांच्यापुढे धरलं.

गुणवंतरावांचा हात पुढे येईना. धनराज त्यांच्याजवळ उकिडवा बसला. म्हाताऱ्याने पोराचं मनगट घट्ट पकडलं, आणि दुसऱ्या हाताची करंगळी पहिल्या घरात घातली. "पाह्य," तो पोराला म्हणाला, "हे रिकामं." मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येक घराला तो तेच म्हणत होता. शेवटच्या घरात करंगळी गेली आणि तिथेच राहिली. "इथी होतं," गुणवंतराव म्हणाले. "याच्यात ठेवलं होतं मी. तुह्या आज्यानं काढलं असतं. मी नाई काढलं. मले कोनी सांगतलं नोतं, आन् मी तुले सांगतलं नाई." ते रडायला लागले. पोराच्या समोर, पोरीच्या समोर, भर दुकानात, आवाज करून रडले. धनराजने बापाचा हात सोडवला नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःची करंगळी बापाच्या करंगळीशेजारी नेली आणि एकेक घर पुन्हा पाहिलं.

बाबूभाई त्याच्या हाताकडे बघत होते. धूसर दिसत होतं, पण जे पाहायचं होतं ते दिसलं.

कागदाचं काम पुढच्या आठवड्यात कचेरीत व्हायचं होतं. तोवर रिव्हॉल्व्हर कपाटात परत गेलं. गुणवंतराव डोळे पुसून उठले, टोपी नीट केली आणि पायरीकडे वळले. तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला. डोक्यावरचा पदर सावरत साबिरा दुकानात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून बाहेर आली होती. हात पिठाचे होते.

"जेवून जा, भाऊ," ती म्हणाली. "मागच्या साली तुमची गोणी लंगरात नाई पाठवली मी. ठेवून देल्ली होती. आज त्यातलाच भात टाकला हाय."